अकरा ठोके, बारा ठोके

आमच्या घराला दोन खोल्या होत्या आणि त्यांतली मोठी मागाची होती. उरलेल्या लहान खोलीत चूल, सुताची लाकडी पेटी, शर्यतींत मिळालेल्या माझ्या दोन ढाली आणि आम्ही माणसं असे सगळे दाटीवाटीनं राहत होतो. दादा कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला लागला आणि तिथल्याच कॉलनीत राहायला गेला तेव्हा कुठं हातपाय पसरून झोपण्याइतकी जागा झाली. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावापासून आमची गल्ली दहा मिनिटांवर होती. तेव्हा त्या गल्लीत घरोघरी हातमाग चालत आणि सकाळी आठच्या सुमारास सगळे मागोमाग सुरू होत. आमचा माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसवलेला होता. बाबा खड्ड्याच्या काठावर बसत, पाय आत सोडून पावड्या दाबत, उजव्या हातानं दोरी ओढली की धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावे आणि डाव्या हातानं फणी आपटली की खटाक व्हायचं. शेजारी माय चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसायची, तिची घुर्रघुर्र वेगळी. भिजवलेल्या सुताच्या खळीचा आंबूस वास भिंतींत मुरला होता. या सगळ्यात मी मॅट्रिक झाले, बी.ए. झाले. मला अजूनही शांत खोलीत वाचता येत नाही, निदान पंखा तरी कुरकुरावा लागतो.

मागाच्या घरात एक नियम असतो आणि तो कोणी शिकवावा लागत नाही. माग मध्येच थांबला म्हणजे तार तुटली. तार तुटली की विणकर वाकून दोन टोकं शोधतो आणि चिमटीत धरून पीळ देऊन जोडतो. त्या वेळी त्याला हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही, दारात जाऊन उजेडही अडवायचा नाही. लहानपणी मी एकदा अशा वेळी पाठीमागून जाऊन बाबांच्या गळ्यात पडले होते, तेव्हा मायनं जो धपाटा घातला तो माझ्या आयुष्यातला एकमेव. बाबा मात्र तेव्हाही हसलेच होते. ते रागवायचे फक्त सूत वाईट निघालं की, आणि तेही सुतावर.

मी पळायची. आठशे मीटर हा माझा पल्ला. सकाळी तलावाच्या कडेनं चार फेऱ्या मारून यायची, तोवर माय आदल्या रात्री भिजवलेले हरभरे वाटीत काढून ठेवायची. रविवारी जवसाच्या तेलात काळ्या मसाल्याचं मटण शिजायचं, डोळ्यांतून पाणी काढणारं, आणि त्यातली नळी बाबा स्वतःच्या ताटातून उचलून माझ्या ताटात टाकायचे. "पळनारीले नळी पाह्यजे," असं म्हणायचे, जसं काही ते एखाद्या पुस्तकात लिहिलेलं आहे. दादा कुरकुरायचा की मी काय लंगडा आहे का. बी.ए. झाल्यावर मी शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात वर्षभराच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं तेव्हा समोरचे भगवानकाका बाबांना म्हणाले होते, "पोरीले पी.टी. शिकवून काय करता गा? लग्नात कवायत करन का ते?" भगवानकाकांचा स्वतःचा माग होता, स्वतःच्या तीन पोरी होत्या आणि जगातल्या सगळ्या पोरींची काळजी होती. बाबा म्हणाले, "मी बसून बसून जन्म काढला. घरात एखादं पळनारं असू दे ना."

पहिल्याच पेपरचं नाव होतं व्यायामशास्त्राचा परिचय. त्या जाडजूड पुस्तकात थोडी शरीररचना होती, थोडं शरीर चालतं कसं ते होतं, हालचालींचं शास्त्र, आहार, खेळाडूचं मन, दुखापती, सगळ्याची एकेक वाटी. पंगतीत सगळे पदार्थ चमचाभर वाढतात तसं. पोट भरत नाही, पण जेवल्यासारखं वाटतं. मला तर त्या पुस्तकाची झिंगच चढली. बाबा पावडी दाबताना पोटरीचा कुठला स्नायू आखडतो, मायची पाठ चरख्यावर किती अंशांत वाकते, हे मी येताजाता सांगू लागले. माय म्हणायची, "आखडते हे मलेही ठाऊक आहे, नाव तेवढं तुले ठाऊक." बाबा मात्र मन लावून ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मंग मी दिवसभर व्यायामच करून राहिलो का वं?" मी पुस्तक उघडून दाखवलं की श्रम वेगळे आणि व्यायाम वेगळा, व्यायामाला आधी ठरवलेला हेतू लागतो. त्यांनी फणीवर हात ठेवून थोडा विचार केला आणि म्हणाले, "हेतू आहे ना. साडी." यावर पुस्तकात उत्तर नव्हतं. पण मी ते कबूल केलं नाही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

हा पेपर गोडे सर शिकवायचे. उंच, किडकिडीत, आवाज मात्र मैदानभर जाणारा. त्यांनी दिवाळीनंतर प्रात्यक्षिक दिलं. घरातलं चाळिशीच्या पुढचं एक माणूस निवडायचं, स्वस्थ बसवून पंधरा सेकंद नाडी मोजायची आणि चारनं गुणायची. मग गुडघ्याएवढ्या बाकावर तीन मिनिटं एका लयीत चढ-उतर करायला लावायची आणि लगेच पुन्हा मोजायची. मग एका मिनिटानं, मग तीन मिनिटांनी. चारही आकडे वहीत मांडून त्यांचा आलेख काढायचा. पुस्तकात नमुन्याचा आलेख होताच. आधी सपाट, मग एकदम चढलेला, मग हळूहळू उतरणारा. वर्गातल्या निम्म्या मुलांनी त्याच्याकडे पाहून घरी न जाताच आकडे लिहून टाकले, हे मला ठाऊक होतं. मी तसलं करणारी नव्हते. मी सही करून महाविद्यालयाचं स्टॉपवॉच घरी आणलं.

रविवारची सकाळ होती. दादाची त्या आठवड्यात ड्युटी होती, म्हणून तो आला नव्हता. बाबा अंघोळ करून बसले होते, कपाळाला गंध, आणि चाचणी आहे म्हणून त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मी त्यांचं मनगट धरलं. पंधरा सेकंदांत अकरा ठोके. अकरा चोक चव्वेचाळीस. मला वाटलं मी चुकले. पुन्हा मोजले तर पुन्हा अकरा. मी पुस्तकाकडे धावले, कारण मला पक्कं आठवत होतं, आणि ते होतंच तिथं. सराव केलेल्या खेळाडूचं हृदय बळकट असतं, एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून विश्रांतीच्या वेळी सावकाश चालतं. माझी स्वतःची नाडी, तलावाच्या इतक्या फेऱ्या मारून, बासष्टच्या खाली आली नव्हती. "बाबा," मी ओरडलेच, "तुमचं हृदय खेळाडूचं आहे! माझ्यापेक्षा चांगलं!" मायनं चुलीपाशी वळून पाहिलं. बाबांनी स्वतःच्या मनगटाकडे असं पाहिलं की जणू कोणी त्यावर नवं घड्याळ बांधलं आहे.

मग सुताची पेटी भिंतीला टेकवून मी त्यांना चढ-उतर करायला लावली. लय धरायला आमच्याकडे यंत्र नव्हतं, पण बाबांना त्याची गरजच नव्हती. ते तोंडानं मागाची खट-खटाक म्हणत चढू-उतरू लागले आणि ती लय जराही हलली नाही. दोन मिनिटांनी मात्र ते थांबले. भिंतीला हात लावून हसले आणि म्हणाले, "थांब वं, पाय भरून आले. खड्ड्यातले पाय ते, चढायची सवय नाही त्याईले." ओठांभोवती जरा पांढुरकं दिसत होतं. मी घाईनं मनगट धरलं. वेळ जाऊ द्यायचा नव्हता, सरांनी बजावलं होतं. पंधरा सेकंद. बारा ठोके.

फक्त एक ठोका वाढला होता. मी वहीत पेन्सिलीनं बारा लिहिलं, गुणून अठ्ठेचाळीस लिहिलं आणि त्या आकड्याकडे पाहत बसले. आलेख काढला असता तर आडवी रेघ आली असती. पुस्तकात कुठंच आडवी रेघ नव्हती. मी ठरवलं की घाईत माझं बोट नीट बसलं नसणार. पुन्हा करून पाहू म्हणायला हवं होतं, पण बाबा खाली बसून दम खात होते आणि माय म्हणत होती, पुरे झालं आता, त्यांना भाकर खाऊ दे. चुकीचा आकडा सरांपुढे नेला तर ते भर वर्गात म्हणणार, कुसुम, तुला नाडीही सापडत नाही. मग मी खोडरबर घेतलं. बारा पुसून शाईनं एकोणतीस लिहिलं. एकोणतीस चोक एकशे सोळा. पुढचे दोन आकडेही त्याला शोभतील असे उतरते लिहिले. दोन मिनिटांच्या जागी तीन लिहिलं. आलेख सुरेख आला. इतर मुलं न मोजताच लिहीत होती आणि मी मोजून खोटं लिहिलं. तेव्हा मला वाटलं होतं की माझं त्यांच्यापेक्षा तरी बरं आहे. आता वाटतं, ती मुलं परवडली.

गोडे सरांनी ते पान वर्गाला दाखवलं. "हे पहा. बसलेला असताना चव्वेचाळीस, कामाला लावल्यावर एकशे सोळा, आणि तीन मिनिटांत पुन्हा जागेवर. कोण आहेत हे?" मी म्हटलं, माझे बाबा, हातमाग चालवतात. सर म्हणाले, "कष्टानं घडलेलं शरीर ते असं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या खेळाडूच्या हृदयाची बातमी गल्लीत फिरू लागली. साड्या द्यायला इतवारीच्या बाजारात गेले तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यालाही त्यांनी मनगट पुढे करून दाखवलं म्हणे. आयुष्यभर कोणी त्यांचं कौतुक केलं असेल तर साडीच्या काठाचं. त्यांचं स्वतःचं असं काही वाखाणलं जायची ही पहिलीच वेळ होती, आणि ते मी केलं होतं.

त्यांना चक्कर येऊ लागली ती संक्रांतीनंतर. एकदा खड्ड्यातून उठताना खांबाला धरून उभे राहिले. एकदा पाणी आणताना बादली ठेवून ओट्यावर बसले. मायच्या हे नजरेत आलं. ती म्हणाली, "चला जी, दवाखान्यात जाऊन येऊ. मी लुगडं बदलून येतो." खरंच बदलून आली, हातात पिशवीही घेतली. बाबा म्हणाले, "पोरीनं मोजलं ना माहं हृदय? तिच्या सरानं वर्गात दाखवलं. डॉक्टर काय येगळं सांगन?" मायनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली, म्हणाले, "माय, काही नाही त्यांना. जेवण वेळेवर करत नाहीत म्हणून होतं. नाडी उत्तम आहे." माय थोडा वेळ पिशवी धरून तशीच उभी राहिली. मग तिनं लुगडं बदललं आणि पुन्हा चरख्यावर बसली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण घरात शिकलेली मीच होते.

हे लिहिताना मी दोनदा उठून आत जाऊन आले. आज माझ्या भाच्याच्या मनगटावर घड्याळ असतं, ते त्याची नाडी दिवसरात्र मोजतं, आणि आकडा कमी-जास्त झाला की स्वतःहून टुणटुण करतं. तो त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. मी मात्र त्याच्याशी बोलता बोलता त्या काचेकडे पाहत राहते. तो म्हणतो, आत्या, तू माझ्याशी बोलतेस की घड्याळाशी. त्या घड्याळाला पुस्तकातला आलेख ठाऊक नाही आणि भर वर्गात हसं होण्याची भीतीही नाही, म्हणून ते जे आहे तेच दाखवतं.

उन्हाळा लागायच्या सुमाराची गोष्ट. गुरुवार होता. वार मला नक्की आठवतो. गोडे सर हृदयाच्या गतीवर शिकवत होते. ते म्हणाले, सावकाश चालणारं हृदय दोन तऱ्हेचं असतं. एक खेळाडूचं, ते बसल्यावेळी हळू चालतं, पण काम पडलं की दुप्पट, अडीचपट पळतं. दुसरं आजारी. त्याला आतून हुकूमच नीट पोचत नाही, म्हणून माणूस बसो की धावो, ते आपल्याच चालीनं चालतं. अशा माणसाला दम लागतो, घेरी येते. "बाकावर चढवूनही नाडी चढली नाही, तर चाचणी तिथंच थांबवायची आणि त्या माणसाला तडक दवाखान्यात न्यायचं. तुमच्या हातून कधी कोणाचा जीव वाचला तर तो असा वाचेल." मग ते माझ्याकडे वळले आणि हसून म्हणाले, "पहिल्या तऱ्हेचं उदाहरण आपल्याकडे आहेच. कुसुमचे वडील. चव्वेचाळीस आणि एकशे सोळा."

मी तिथल्या तिथं उभं राहायला हवं होतं. सर, एकशे सोळा नाही, अठ्ठेचाळीस, मी पुसून लिहिलं, एवढंच बोलायचं होतं. खालचं बाक धरून मी बसले होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बाबांची भीती कमी वाटत होती आणि वर्गाची जास्त. ज्या चाळीस मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या ती आता काय म्हणतील, सर वही मागतील, वर्षाचे गुण जातील, हेच डोक्यात फिरत होतं. तास संपला. सर खडू ठेवून निघून गेले. त्यांच्या मागे मी दारापर्यंत गेले आणि तिथून परत आले.

घरी आले तर भगवानकाका ओट्यावर बसले होते आणि बाबा खुशीत होते. "ये, ये, डॉक्टरीन बाई," ते म्हणाले, "या भगवानची नाडी पाह्य. माह्यासारखी आहे का सांग." भगवानकाकांची ऐंशी निघाली. बाबांनी टाळी वाजवली. "तुह्यं इंजन गरम आहे गा, भगवान!" मग त्यांनी स्वतःचं मनगट पुढे केलं. मी घड्याळाकडे पाहत मोजलं. दहा. अकराही नाही, दहा. "किती वं?" बाबांनी विचारलं. "आहे तेवढीच," मी म्हणाले. मग मी मनाशी हिशेब बसवला. रविवारी दादा येणारच आहे. त्याच्या सोबतीनं बाबांना मोठ्या दवाखान्यात न्यायचं, तिथं डॉक्टर काय ते शोधून काढतील, म्हणजे मला कोणाला काही सांगावं लागणार नाही. गुरुवार ते रविवार, मधे दोनच दिवस. इतके महिने गेले तसे हेही जातील, असं मला वाटलं.

शनिवारी मैदान दुसऱ्याच कार्यक्रमाला दिलं होतं, म्हणून मी घरीच होते. मायनं आंबाडीची भाजी केली होती आणि मी ज्वारीच्या भाकरीशी ती खात होते. माग चालू होता. मग थांबला. माय चरख्यावरून मान न उचलता म्हणाली, "तार तुटली वाटते." मी तिच्याकडे ठेचा मागितला. तिनं उठून दिला, पुन्हा जाऊन बसली, एक कांडी भरून झाली, दुसरी लावली. आम्ही दोघींनीही हाक मारली नाही. त्या घरात कोणीच मारली नसती. किती वेळ गेला असेल? मी पुढं आयुष्यभर लोकांच्या वेळा मोजल्या, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजल्या, पण ही वेळ मला कधी मोजता आली नाही. मग मायचा चरखा थांबला. "कुसुमे," ती म्हणाली, "पाह्य वं जरा."

बाबा विणलेल्या कापडावर पुढं झुकून पडले होते, गाल साडीच्या काठावर, पाय खड्ड्यात तसेच पावड्यांवर. धोटा मध्येच राहिला होता. मी त्यांचं मनगट धरलं आणि मोजत राहिले, पंधरा सेकंद, आणखी पंधरा. एकीकडे माझी नजर त्या ताणलेल्या सुतावरून फिरत होती. एकही तार तुटलेली नव्हती. माझ्या ओरडण्यानं भगवानकाका धावत आले, गल्लीतल्या लोकांनी बाबांना उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यातल्या डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावून मान हलवली. हे सगळं अर्ध्या तासात झालं आणि मी त्यात कुठं कुठं उभी होते ते मला आठवत नाही.

दादा संध्याकाळच्या बसनं कोराडीहून आला. दारातच मायनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "काहीच नव्हतं रे बापा त्याईले. कुसुमनं तपासलं होतं. हृदय खेळाडूचं होतं. वेळच आली, दुसरं काय." दादानं माझ्याकडे पाहिलं. "होय का वं, कुसुम? तुले काहीच दिसलं नव्हतं?" मी म्हणाले, नाही. पुढं तेरा दिवस जो कोणी भेटायला आला त्याला माय हेच सांगत राहिली, आणि मी पाहत होते की हे सांगताना ती जरा ताठ बसते, तिला धीर येतो. तिच्या हाती तेवढंच उरलं होतं. ते आपण काढून कसं घ्यायचं, असं मी स्वतःला समजावलं. त्यात थोडं खरं होतं, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. पण तिच्या धिराआड मी लपले होते, हेही तितकंच खरं.

त्या काळी हृदयाला चाल देणारं ते लहानसं यंत्र, पेसमेकर, बसवायची सोय नागपुरात होती की नव्हती, मला ठाऊक नाही. हे शोधून काढणं अवघड नव्हतं. माझे विद्यार्थी मोठमोठ्या दवाखान्यांत कामाला आहेत, एक फोन पुरला असता. मी तो केला नाही. सोय नव्हती असं कळलं असतं तर बरं वाटलं असतं, आणि होती असं कळलं असतं तर काय केलं असतं ते मला माहीत नाही.

पुढं मी याच विषयाची शिक्षिका झाले. तोच पेपर, व्यायामशास्त्राचा परिचय, मी निवृत्त होईपर्यंत शिकवला. प्रात्यक्षिकाच्या वहीत पेन्सिल चालणार नाही, खोडरबर वर्गात आणायचं नाही, मोजलेला आकडा पहिल्या फटक्याला शाईनं लिहायचा, वेडावाकडा असला तरी. आकडा पटला नाही तर पुन्हा मोजा आणि दोन्ही मला दाखवा. मुलं माझ्यामागे मला रबरवाली बाई म्हणायची, मला ते ठाऊक होतं. एका मुलीनं एकदा विचारलं, "मॅडम, एवढ्या एका आकड्यानं काय होते जी?" मी तिला वर्गाबाहेर काढलं. मग तासभरानं जाऊन तिची माफी मागितली, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही दिलं नाही.

माग दादानं कधीच मोडून काढला होता. माय शेवटची काही वर्षं माझ्याकडे राहिली, सक्करदऱ्यालाच, तलावाजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर. नजर गेली होती, पण कान शाबूत होते. एका दुपारी ती म्हणाली, "कुसुमे, माही नाडी पाह्य ना." घरात नाडी मोजायचं यंत्र होतं, पण तिला बोटंच हवी होती. मी तिचं मनगट धरलं. सुरकुतलेलं, कांड्या भरून भरून अंगठ्यापाशी घट्टा पडलेलं. पंधरा सेकंदांत एकोणीस.

"किती?"

"शहात्तर. चांगली आहे."

"त्याईची चव्वेचाळीस होती," माय म्हणाली. इतक्या वर्षांत तिला नातसुनेचं नाव आठवेनासं झालं होतं, पण हा आकडा तिनं जपून ठेवला होता. जराशी हिरमुसली ती. तिलाही खेळाडूचं हृदय हवं होतं. हात माझ्याच हातात होता. आणि तिनं विचारलं, "तवा तू बरोबर मोजलं होतं ना वं?"

हे तिनं सहज विचारलं की तिला कधीपासून काही वाटत होतं, मला सांगता येत नाही. तिचे डोळे नुसते समोर लागले होते.

"हो माय," मी म्हणाले, "मोजलं बरोबरच होतं."

ते खरंच होतं. अकराही खरे आणि बाराही खरे. तिनं मान हलवली आणि हात पांघरुणात ओढून घेतला. त्यापुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं आणि चहा ठेवायला उठले. माय जाऊन आता दोन वर्षं झाली. दादा तर त्याच्याही आधी गेला. ज्यांना सांगायचं होतं त्यांतलं कोणीच राहिलं नाही, तेव्हा कुठं ते वाक्य माझ्या हातून उतरतं आहे. माय, मी मोजलं बरोबर होतं. लिहिलं खोटं.